सोपेपणाचा भार कोणावर?

कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात १९७४ मध्ये ‘ब्राव्हो’ हा मजकूर-संपादक तयार झाला. काळाच्या पुष्कळ पुढचा. पण त्यात आज्ञा देण्याची अवस्था वेगळी आणि लिहिण्याची वेगळी होती. आज्ञेच्या अवस्थेत असताना कोणी नकळत ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला, की ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने पुसला जाई, ‘आय’ने नवे लेखन सुरू होई आणि पडद्यावर एकटा ‘टी’ उरे. दोष अर्थातच वापरणाऱ्याचा धरला जाई.

त्याच केंद्रातल्या लॅरी टेस्लर यांना हे मान्य नव्हते. टिम मॉट यांच्यासह त्यांनी ‘जिप्सी’ हा संपादक घडवला. त्यात या अवस्था जवळजवळ नव्हत्याच. आज आपल्या बोटांत मुरलेले कट आणि पेस्ट तिथलेच. टेस्लर १९८० मध्ये अ‍ॅपलमध्ये गेले आणि हा विचार १९८३च्या ‘लिसा’त व १९८४च्या ‘मॅकिंटॉश’मध्ये उतरला. टेस्लर यांच्या नावाने पुढे एक नियमच रूढ झाला: गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे कमी होत नाही, ती वापरणाऱ्याने सोसायची की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने, एवढेच ठरवायचे असते.

डेस्कटॉपचा पुढचा इतिहास म्हणजे या भाराची हलवाहलव. डॉसच्या काळात आज्ञा पाठ कराव्या लागत; मेनू आले आणि पाठांतर सुटले. संगणकात नवे कार्ड बसवताना जंपर लावून इंटरप्टचे क्रमांक जुळवावे लागत. ‘विंडोज ९५’ने ती जुळवाजुळव स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. मराठीने तर हा भार दुहेरी वाहिला. एका फाँटात लिहिलेला मजकूर दुसऱ्या फाँटात उघडला, की अगम्य चिन्हांचा ढीग दिसे. ‘कि’ लिहिताना टंकलेखन यंत्राच्या सवयीने वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर टाइप होई. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवली जाते. तिला पडद्यावर डावीकडे नेऊन बसवण्याचे काम यंत्रणा करते. ‘विंडोज २०००’पासून ही सोय यंत्रणेतच आली.

मात्र भारासोबत निर्णयही सरकले. जंपर लावणाऱ्याला आपले कार्ड का अडले याचा थोडाफार अंदाज असे. आज फाइल संगणकात आहे की दूरच्या सर्व्हरवर, अपडेट कधी सुरू होणार, हे पुष्कळदा यंत्रणाच ठरवते. ‘काहीतरी चुकले’ एवढेच सांगून ती गप्प बसली, की अनुभवी माणूसही हतबल होतो. ब्राव्होपुढे माणूस अडाणी ठरत होता, इथे तो अनभिज्ञ ठेवला जातो.

म्हणून सोपेपणाची कसोटी किती क्लिक वाचले ही नव्हे. यंत्रणेने माणसाचे कष्ट जरूर घ्यावेत. पण काय केले ते त्याला कळेल अशा भाषेत सांगावे आणि ते उलटवण्याचा अधिकार त्याच्याकडेच ठेवावा.