परीक्षकाची सही

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशहाने कोरविलेला एक संस्कृत शिलालेख आहे. मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेख असावा याचे पाहणाऱ्यास नवल वाटते. आम्हांस त्याहून अधिक नवल वाटते ते त्यातील मितीचे. संवत् १६४६, शके १५११, पौष शुद्ध एकादशी, सोमवार, एवढ्यावर लेख थांबत नाही. नक्षत्र कोणते, योग कोणता, करण कोणते, रात्रीच्या किती घटिका गेल्या होत्या आणि लग्न कोणते, हेही तो सांगतो. पंचांगाची ही अंगे एकमेकांत अशी गुंतलेली असतात की एक खोटे लिहिले तर दुसरे त्याची चुगली करते. जुन्या युरोपीय गणनेने ही मिती ५ जानेवारी १५९० ला येते, आणि त्या दिवशी सोमवारच होता. आपल्याला खोटे पाडण्याचे साधन लेख कोरविणाऱ्याने चारशे वर्षांनंतरच्या अनोळखी माणसाच्या हाती देऊन ठेवले आहे.

हा लेख आठवण्याचे कारण निराळे आहे. ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीतून वर्णपटलेखकात जातो आणि तेथून संगणकात आकड्यांचा ढीग येऊन पडतो. त्या ढिगातून ताऱ्याचा वर्णपट काढण्याचे काम एक आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, करते. यंत्राचा स्वतःचा शून्यांक वजा करणे, विश्वकिरणांचे ठिपके पुसणे, रात्रीच्या आकाशाचा उजेड वगळणे, ओळखीच्या दिव्याच्या रेषांशी ताडून तरंगलांबी ठरविणे, ही सारी तिची कामे. अशा आज्ञावलीवर कोणी शोधलेख लिहिला आणि संपादकाने तो त्याच विद्येतील दुसऱ्या पंडिताकडे तपासावयास धाडला, तर त्या परीक्षकाने नेमके काय तपासावे? लेख नीट वाचला म्हणजे त्याचे कर्तव्य संपले काय?

लेख सुबोध आहे, आकृत्या देखण्या आहेत, लेखक नामांकित आहेत; तेव्हा संमती द्यावी, असे बहुधा घडते. यात लबाडी नसते. विश्वास हा सद्गुणच आहे. परंतु परीक्षकाची सही पाहून पुढचे शेकडो लोक तपासणी सोडून देतात, म्हणून त्याचा विश्वास त्याच्या एकट्याचा राहत नाही.

यात चूक केवढी लहान असू शकते ते पाहावे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वालांमध्ये एक पिवळी रेषा दिसली. पाहणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती सोडियमची समजली. सोडियमच्या रेषा ५८९·० व ५८९·६ नॅनोमीटरवर. ही ५८७·६ वर. दीड नॅनोमीटरचेही अंतर नाही. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकयर यांनी लंडनमध्ये, ग्रहण नसताना, ही रेषा पाहिली व ती वेगळी असल्याचे ठरविले. तिचा धनी जो हेलियम, तो पृथ्वीवर रॅम्झी यांना सापडला १८९५ मध्ये. तरंगलांबी ठरविणारी आज्ञावली एवढ्याशा अंतराने चुकली, तर एक मूलद्रव्य हातचे जाते. कोकणातील वाचकांस हे थोडे लागेल, पण १८६८ चा हा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावर लागला ही गोष्टही कोणी न ताडता पुढे चालविली आहे. लॉकयर विजयदुर्गास आले होते हे खरे. मात्र ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला.

आज्ञावली ही वस्तू आपल्याला अगदीच परकी नाही. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० च्या सुमारास, ग्रहलाघव रचले. ज्या-कोज्यांचे गणित वगळून साध्या बेरीज-गुणाकाराने ग्रह काढण्याची ती आज्ञावलीच होती. स्वतः गणेश दैवज्ञांनी जुन्या पक्षांपैकी जे वेधाशी जुळले ते घेतले. मागच्यांनी ग्रंथ घेतला आणि वेध सोडला. तीन शतकांत गणित आणि आकाश यांत अंतर पडत गेले. केरोपंत छत्रे यांनी शके १७८७ पासून (१८६५) दृक्प्रत्ययास जुळणारे पटवर्धनी पंचांग काढले, तेव्हा ते स्वीकारणारे थोडेच निघाले. आकाशाशी जुळणाऱ्या पंचांगापेक्षा शेजाऱ्याशी जुळणारी एकादशी लोकांना अधिक जवळची वाटली. आम्ही त्यांना हसत नाही; देवळात उत्सव एकाच दिवशी व्हावा ही इच्छा क्षुद्र नाही. पण ग्रहण पंचांग पाहून लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की परीक्षकास मोबदला नाही, वेळ नाही, आणि आज्ञावलीच्या हजारो ओळी त्याने वाचाव्या तरी कशा? आक्षेप खरा आहे. केवळ ओळी उघड केल्या म्हणजे लेखकाचेही कर्तव्य संपत नाही. आम्हां वकिलांना हा डाव परिचित आहे: कागद मागावेत, आणि प्रतिपक्षाने गाठोडीच्या गाठोडी आणून टाकावीत, की हवा तो कागद सापडूच नये. उलटतपासणीत सारी साक्ष कोणी उलगडीत नाही. सांधे शोधावे लागतात. परीक्षकानेही ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा एखादा तारा त्या आज्ञावलीस द्यावा, एखादा खराब आकडा मुद्दाम घुसडावा, आणि ती काय करते ते पाहावे. संगणकाच्या नोंदीविषयी आपला कायदाही आता दोन सह्या मागतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे यंत्र सांभाळणाऱ्याचे आणि तज्ज्ञाचे, असे दोघांचे प्रमाणपत्र लागते. अर्थात त्या प्रमाणपत्राने नोंद कोठून व कशी निघाली एवढेच कळते. तिच्यातील मजकूर खरा ठरत नाही.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ या नियतकालिकाची रीत आम्हांस या दृष्टीने मानवते. वर्णपटांच्या संस्करणाची ‘पायपिट’ ही आज्ञावली २०२० मध्ये तेथेच प्रसिद्ध झाली. तेथे परीक्षक आज्ञावली स्वतः चालवून पाहतात. काय तपासले त्याची यादी आणि लेखकाशी झालेला सारा सवाल-जबाब कोणासही वाचता येतो. परीक्षकांची नावेही उघड असतात. एक शंका मात्र उरते. ज्याला उद्या त्याच थोर लेखकाकडे नोकरी मागावयाची आहे, तो तरुण परीक्षक उघड नावाने कठोर प्रश्न विचारील काय? नाव झाकले तर धीट प्रश्नांबरोबर आकसालाही वाट मिळते. आम्हांस वाटते, नाव झाकण्याची मुभा तरुणास द्यावी. परंतु काय तपासले आणि काय तपासले नाही, ही यादी झाकण्याची मुभा कोणालाच देऊ नये.