‘जैन’ लिहिलंय, म्हणून?

मोठ्या हॉटेलांत आता एकाच छपराखाली जपानी, चिनी, इटालियन अशी चार-चार रेस्टॉरंटं असतात. मुंबईच्या ताजमध्येच बघा, वसाबी जपानी, गोल्डन ड्रॅगन चिनी. अशा ठिकाणी मेन्यूकार्डावर ‘जैन’ हा शब्द दिसला की आपल्या बायकांचा जीव भांड्यात पडतो. बरं झालं बाई, काही विचारायला नको!

मला त्या ‘विचारायला नको’चीच काळजी वाटते. हॉटेलच्या भाषेत ‘जैन’ म्हणजे बहुधा कांदा, लसूण, बटाटा नाही, एवढंच. पण जपानी मिसो सूपचं पाणी मुळात सुकवलेल्या माशाचं. थाई करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट. अस्सल इटालियन पार्मेझान चीजला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं आणि पन्ना कोटा जिलेटिननं घट्ट करतात. यातनं कांदा काढून काय साधलं? आचारी लबाड असतो असं नव्हे. आपण जी यादी दिली, तेवढी तो पाळतो.

कृत, कारित, अनुमोदित हे आपण लहानपणापासून ऐकतो. ऑर्डर देणं म्हणजे कारितच की! तत्त्वार्थसूत्रानं हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडलीय. न विचारता खाणं हा बेसावधपणा नाही तर काय?

आमच्या सुनेचं म्हणणं, “आई, वेटरची उलटतपासणी नको, सगळे बघतात.” लाजेचं मी मनावर घेत नाही. पण सकाळपासून उभ्या असलेल्या त्या पोराला फैलावर घ्यायचं, आलेली डिश परत पाठवायची नि ती कचऱ्यात जायची, हे कुठल्या अहिंसेत बसतं? म्हणून विचारायचं ते आधी, नीट, हसून. आणि वरण-भात मिळाला तर तोच घ्यायचा.

(लग्नात रात्री नऊ वाजता ‘जैन काउंटर’वर लागलेली रांग, हा निराळा लेख होईल.)

राहता राहिली एकच कढई, एकच तेल. इथं माझं नि माझ्या थोरल्या अक्काचं जमत नाही. ती म्हणते, असल्या उंबऱ्यात पाऊलच टाकू नये. मी म्हणते, मग व्याह्यांनी तिथंच मुंज ठेवली तर घरी बसायचं? दशलक्षण पर्वापासून हा वाद चाललाय. परवा फोनवर ती म्हणाली, “जा, पण डबा घेऊन जा.”