उठाबशा आणि उपासना

गृहपाठ केला नाही म्हणून मुलाला वर्गात पंचवीस उठाबशा काढाव्या लागल्या, की त्याची मान खाली जाते. तोच मुलगा संध्याकाळी तालमीत जाऊन, वस्तादांना नमस्कार करून, शंभर बैठका आपण होऊन काढतो आणि छाती पुढे काढून घरी येतो. गुडघे तेच, घाम तोच. मग एकीकडे लाज आणि दुसरीकडे अभिमान, हे कसे? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली. पण कायद्याने शिक्षा थांबली, तरी हा प्रश्न सुटत नाही. मी शाळामास्तर, तेव्हा मला तो टाळताही येत नाही.

ख्रिस्ती धर्माला हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीस देशातल्या करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनी मोठे सामने भरत. विजेत्याच्या मस्तकी पानांचा मुकुट चढे, आणि तो थोड्याच दिवसांत सुकून जाई. पहिल्या शतकात संत पौलाने करिंथकरांना पत्र लिहिले, तेव्हा त्यांच्याच क्रीडांगणातला दाखला घेतला. सुकणाऱ्या मुकुटासाठी धावणारा जर इतका संयम पाळतो, तर न सुकणाऱ्यासाठी आपण किती पाळावा? मुष्टियोद्ध्यासारखे आपणही शरीराला ताब्यात ठेवतो, असे तो सांगतो.

पुढे काहींनी याचा अर्थ शरीर हा शत्रू असा घेतला आणि आपल्याच पाठीवर आसूड ओढले. पण ते वाक्य आखाड्यात उभे आहे, तुरुंगात नव्हे. पहिलवान शरीराला राबवतो खरा, पण त्याचा द्वेष करत नाही. संध्याकाळी त्याला तेल लावतो, दूध पाजतो.

शब्दांचाही प्रवास पाहावा. ख्रिस्ती वैराग्याला ग्रीक भाषेत ‘आस्केसिस’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ सराव, खेळाडूची मेहनत. तो शब्द आखाड्यातून मठात गेला. आपला ‘तालीम’ शब्द उलट वाटेने आला. अरबीत त्याचा अर्थ शिकवणे. मराठीत तो लाल मातीत उतरला आणि लंगोट कसून उभा राहिला! पुढे 1937 साली वर्ध्यात ‘नई तालीम’ची कल्पना मांडली गेली आणि तो पुन्हा शाळेत आला, पण येताना हातात कुदळ आणि चरखा घेऊन आला.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम केले. त्यांत प्रार्थनेच्या वेळा ठरल्या, तशाच हातांनी काम करण्याच्याही. घाम गाळून भाकरी खावी, हे बायबलातले वचन रशियातल्या बोंदारेव नावाच्या शेतकऱ्याने मनावर घेतले. त्याच्यापासून ते टॉलस्टॉयने आणि टॉलस्टॉयपासून गांधीजींनी उचलले. शरीरश्रम हे आश्रमाच्या एकादशव्रतांपैकी एक झाले. 1936 साली गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले आणि हे व्रत आमच्या वर्ध्याच्या मातीत रुजले.

1938 साली विनोबांची प्रकृती ढासळली. गांधीजींच्या आग्रहावरून ते विश्रांतीसाठी पवनारला गेले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनावरची सगळी ओझी टाकली आणि रोज काही वेळ मोकळ्यावर जमीन खणू लागले. प्रकृती सुधारली. तेच शरीर 1951 साली भूदानासाठी पायी निघाले आणि तेरा वर्षे चालत राहिले. विनोबा ख्रिस्ती नव्हते; पण पौलाला हवा असलेला धावपटू मला पवनारला दिसतो.

आज आमच्या सावंगीत विनोबांच्याच नावाचे मोठे रुग्णालय आहे. डॉक्टर चालायला सांगतात, आणि माणसे पहाटे चालतात. हातातले यंत्र पावले मोजते. यात हसण्यासारखे काही नाही. निरोगी राहणे हेही कर्तव्यच. पण हे चालणे साधना केव्हा होते? मला दोन खुणा दिसतात. मोजणारे कुणी नसतानाही जे चुकत नाही ते. आणि ज्यातून आलेले बळ दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडते ते. पहिली खूण नसेल तर ती उठाबशांची शिक्षा, दुसरी नसेल तर सुकणारा मुकुट.

नरकचतुर्दशीला अंधारात, थंडीत, हाक मारण्याआधीच मुले उठतात. त्या पहाटेला कुणी शिस्त म्हणत नाही. मुलांना वर्षभर तसे उठावेसे वाटेल असे काहीतरी आपण त्यांच्यापुढे ठेवले पाहिजे. हे काम छडीचे नाही, आणि कायद्याचेही नाही. ते आपले, थोरामोठ्यांचे आहे.