घरची गोष्ट शेजारच्या भाषेत

गोविंद तळवलकर 27 वर्षे 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक होते. निवृत्तीनंतर ते अमेरिकेत राहायला गेले आणि 2017 साली ह्यूस्टन येथे वारले. तिथूनही ते 'साधना'त मराठी वाचकांसाठी लिहीत राहिले. इंग्रजी ग्रंथ, पाश्चात्त्य विचारवंत, तिकडचे राजकारण. लंडन न पाहिलेले आमच्यासारखे वाचक त्यांच्या डोळ्यांनी ते जग पाहत. त्यात एक सोय होती, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. ज्यांच्याविषयी लिहायचे ते लोक मराठी वाचत नव्हते. चूक काढायला कोण येणार?

ॲलिस्टर कुक यांची जागा याहून अवघड होती. 1908 साली मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्ड या कामगारवस्तीच्या शहरात जन्म, 1941 साली अमेरिकेचे नागरिकत्व. 1946 ते 2004 ते बीबीसी रेडिओवरून ब्रिटिश श्रोत्यांना अमेरिका समजावून सांगत होते, आणि 1971 ते 1992 अमेरिकन दूरचित्रवाणीवर खुर्चीत बसून, ब्रिटिश मालिका सुरू होण्याआधी, अमेरिकन प्रेक्षकांना ब्रिटन. त्या मालिकांत वाडे, मालक, नोकरचाकर भरपूर. सॅलफर्डसारख्या वस्त्या त्या मानाने कमीच. कुकसाहेब खोटे बोलले असे मी म्हणत नाही. पण ऐकणाऱ्याला गोड लागेल तेवढेच खरे सांगितले, तर त्याला खरे बोलणे म्हणावे का?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. मी औरंगाबादच्या एका उर्दू शाळेत शिकवते. (2023 साली नाव छत्रपती संभाजीनगर झाले. कोणते नाव लिहायचे हेसुद्धा वाचणारा कोण ते पाहूनच ठरवावे लागते.) रमजानचा शेवटचा आठवडा आला की एका मराठी दैनिकातून फोन येतो, "मॅडम, ईदवर काहीतरी लिहा ना." मी शीरखुर्मा लिहिते. खारका, चारोळी, शेवया, शेजारच्या कुलकर्णीवहिनींचा डबा. लोक फोन करून कौतुक करतात.

एका वर्षी मी दोन गोष्टी जास्तीच्या लिहिल्या. एक, आमच्या मोहल्ल्यातल्या हुशार मुली दहावीनंतर घरी बसवल्या जातात. दुसरी, नवरा आणि मी भाड्याचे घर पाहायला गेलो तेव्हा आडनाव विचारून आम्हाला परत पाठवले गेले. लेख छापून आला. पहिली गोष्ट शब्दशः होती, दुसरी नव्हती. "सणाचा दिवस आहे, कटुता कशाला?" असे मला सांगण्यात आले. म्हणजे वाचकाला जे आधीच पटलेले होते तेवढेच माझ्या सहीनिशी त्याच्या घरी पोहोचले. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. तरी मला आठ दिवस शरमल्यासारखे होत होते.

मोहल्ल्यात वेगळीच नाराजी. घरची धुणी चव्हाट्यावर का धुतलीस? हमीद दलवाईंना आपल्यातल्या अनेकांनी हेच सुनावले होते. 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणाऱ्या दलवाईंची सगळी मते मला पटत नाहीत. पण मराठीत लिहिले म्हणजे परक्यांना सांगितले, हे मला कधीच कळले नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या त्या माणसाची मराठी ही घरचीच भाषा होती. माझी मात्र ती शाळेत शिकलेली, बी.एड.ला घासून घेतलेली. म्हणून मला भीती जास्त वाटते. शब्द चुकण्याची नव्हे, खूश करण्याची. दुसऱ्याच्या भाषेत लिहिताना माणूस पाहुण्यासारखा वागतो, आणि पाहुणा यजमानाच्या घरातली गळकी कौले दाखवत नाही. खरे तर मी पाहुणी नाहीच. माझे आजोबा-पणजोबा याच मातीत आहेत.

पुढच्या वर्षी फोन आला. मी पुन्हा शीरखुर्माच लिहिला, मानधनही घेतले. एक मात्र केले. पाठवण्याआधी तो शेजारच्या खालाजानना वाचून दाखवला. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून ओळ वाचायची आणि आपल्या दखनीत सांगायची. खारकांपाशी त्यांनी हात वर केला. "दूध में नहीं भिगाते क्या खारकां? ऐसाच लिख दी?" मी दुरुस्त केले. मग शेवटपर्यंत ऐकून त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

"और वो घर का किस्सा? इस साल भी नहीं लिखी?"