सावलीचे रोप आणि करप्याची हिंसा

अंगणाला सावली असावी या हेतूने लावलेल्या आंब्याच्या तीन रोपांवर गेल्या आषाढात करपा पडला. तांबूस, लवलवत्या पालवीवर प्रथम मोहरीएवढे काळपट ठिपके उमटले, मग ते एकमेकांत मिसळून पानांच्या कडा होरपळल्यासारख्या झाल्या आणि शेंड्याच्या कोवळ्या डहाळ्या वाळू लागल्या. बुरशी मारावी की नाही हा प्रश्न बागाइतदाराला पडत नाही, आणि न पडलेलाच बरा. परंतु ज्याने फळासाठी नव्हे तर केवळ छायेसाठी झाड लावले, म्हणजे ज्याच्या मनात परोपकाराचा थोडासा अहंकार आहे, त्याला तो छळल्यावाचून राहत नाही.

दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यातील अशोकाच्या स्तंभावर, माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून आपण वाटांच्या कडेने वड लावले आणि आमराया उठविल्या, असे तो सम्राट राज्याभिषेकाच्या २७ व्या वर्षी सांगतो. आणि त्याच स्तंभावर, त्याआधी एकच वर्ष काढलेल्या फर्मानात, ज्या भुसात जीव असतील तो भुसा जाळू नये अशी ताकीद आहे. आता करप्याचे बीज तर गळलेल्या पानांत आणि मेलेल्या डहाळ्यांतच दबा धरून बसते व पावसाच्या शिंतोड्यांबरोबर नव्या पालवीवर चढते. तेव्हा तो पाचोळा गोळा करून जाळावा, हाच सर्वांच्या तोंडी असलेला पहिला इलाज!

ज्ञानेश्वरांनी हा पेच अधिक निष्ठुरपणे उघडा केला आहे. तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना, फांद्या तोडून त्यांचेच कुंपण बुंध्याला घालावे तशी मीमांसकांची अहिंसा, असे ते सुनावतात, आणि एका जिवाच्या रक्षणार्थ दुसऱ्या झाडांची मुळे खणणाऱ्या, साली सोलणाऱ्या आयुर्वेदालाही सोडत नाहीत. रोगट डहाळी छाटण्यासाठी हातात कात्री घेतलेल्या माणसाला हे वाचवत नाही.

‘सेंद्रिय’ म्हटले की आपण दोषमुक्त झालो, ही भाबडी पळवाट आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी यांचे बोर्डो मिश्रण जुने व गुणकारी खरे. पण त्यातील तांबे बुरशीला मारतेच आणि वर्षानुवर्षे मातीत साचत जाते. ट्रायकोडर्मा घालावा, तर तीही बुरशीच, दुसऱ्या बुरशीवर सोडलेली. म्हणजे हिंसा आपण मुखत्यारपत्र देऊन करवितो, इतकेच. बुरशीलाही एकेंद्रिय जीव मानणाऱ्या जैन शास्त्राने संकल्पी हिंसा आणि गृहस्थाला न टाळता येणारी आरंभी हिंसा असा जो भेद केला, तो मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो गुन्हा नाकारीत नाही, त्याची प्रत ठरवितो.

त्या कसोटीने स्वतःचे दप्तर तपासले, तेव्हा निकाल माझ्याच विरुद्ध गेला. सावलीची घाई म्हणून दहा फुटांत तीन रोपे मीच कोंबली होती. उघडीप पडली की संध्याकाळी नळीने पानांवरून पाणी मीच सोडीत होतो, आणि ती पाने रात्रभर ओली राहत होती. बुरशीने आगळीक केली नव्हती. तिला बिछाना मी घालून दिला होता. वाळक्या डहाळ्या छाटल्या, पाचोळा न जाळता हातभर खोल पुरला, आणि पाणी सकाळी बुडाशी घालू लागलो. फवारणी तूर्त तहकूब आहे. मधले रोप मुळांच्या गड्ड्यासह काढून रस्त्याच्या कडेला लावले. त्याच्या सावलीत सध्या एक कुत्रेही मावत नाही.