बाळंतीण कोणासाठीं जपावयाची?

मागील वर्षीं एका स्नेह्यांच्या घरीं बारशाला गेलों होतों. घर माणसांनीं भरलें होतें. पाळणा फुलांनीं सजविलेला, त्याभोंवतीं बायकांची दाटी, आणि नाक कोणाचें घेतलें, रंग कोणाचा उतरला ह्याची चर्चा अगदीं रंगांत आलेली. बाळाची आई पाळण्याशेजारीं खुर्चीवर बसली होती. तिचा चेहरा मला ओढलेला दिसला, म्हणून घरच्या वडील बाईंना मीं सहज विचारलें, "सूनबाईंची प्रकृति कशी आहे?" त्या मोठ्या समाधानानें म्हणाल्या, "छान आहे हो. दूध भरपूर आहे."

ह्या उत्तरांत त्या बाईंचा कांहीं दोष नव्हता, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. सुनेला त्यांनीं तळहाताच्या फोडाप्रमाणें जपलें होतें. अळिवाचे लाडू, डिंक, खारीक, बाजेखालीं शेक, रोज तेल लावून न्हाऊं घालावयास बाई. कशाचीहि उणीव नव्हती. तरी परत येतांना तें उत्तर मनांत घोळत राहिलें. मीं आईविषयीं विचारलें होतें, आणि उत्तर बाळाच्या अन्नाविषयीं मिळालें होतें. खरें सांगावयाचें तर तें ऐकून मीहि "वा, छान!" म्हणून पुढील पाहुण्यांकडे वळलों होतों. विसंगति ध्यानांत आली ती घरीं पोंचल्यावर.

तेव्हांपासून जो प्रश्न मला पडला आहे तो असा: गरोदर बाईची आणि बाळंतिणीची आपण जी काळजी घेतों ती कोणासाठीं? काळजी पुरेशी आहे कीं नाहीं, हा प्रश्न डॉक्टरांनीं व सरकारनें सोडवावयाचा आहे. ती कोणासाठीं, हा प्रश्न मात्र तुमच्याआमच्या घरांतला आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं.

डोहाळे पुरविण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भिणीला 'दौहृदिनी' म्हटलें आहे. एक हृदय तिचें आणि एक गर्भाचें, म्हणून ती दोन हृदयांची. कल्पना मोठी सुंदर आहे. परंतु तिच्या इच्छा कां पुरवावयाच्या ह्याचें कारण तेथें असें दिलें आहे कीं, त्या न पुरविल्यास मूल कुबडें, लंगडें किंवा मंदबुद्धीचें निपजतें. म्हणजे बाईला चिंच खाविशी वाटली, तरी ती इच्छा गर्भाची समजून मान्य करावयाची! बाळंतपणानंतरहि तोच क्रम चालू राहतो. ती रडूं लागली, तर "रडूं नकोस, दूध आटेल" म्हणून तिला गप्प करतात; रडण्याचें कारण विचारावयाचें राहून जातें. प्रसूतीनंतर कित्येक स्त्रियांना जें खोल नैराश्य येतें, तो आज वैद्यकानें ओळखलेला विकार आहे व त्यावर उपचारहि आहेत. पण दूध येत आहे तोंवर घरांतील कोणाची नजर तिकडे जात नाहीं.

कोणी म्हणेल, हा नुसता शब्दच्छल झाला. आई सुखी तर मूल सुखी. दोघांचें हित एकच असतां तें कोणाच्या नांवें मांडलें ह्यानें काय बिघडतें? शिवाय आईलाच विचारा, तीहि म्हणेल, "माझें राहूं द्या, बाळाकडे पाहा." दोन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. दुसऱ्याचें उत्तर त्यांतल्या त्यांत सोपें. आपलें सुख मुलावरून ओवाळून टाकण्याचा अधिकार जिचा तिला आहे. तिनें तें टाकलेंच आहे असें गृहीत धरण्याचा अधिकार इतरांना कोणी दिला? मनुष्याला केवळ साधन म्हणून वागवूं नये, असें कांट ह्या जर्मन तत्त्ववेत्त्यानें सांगितलें. त्यांतील 'केवळ' ह्या शब्दाकडे येथें लक्ष दिलें पाहिजे. आई मुलाच्या पोषणाचें साधन आहेच, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. ती तेवढीच आहे असें धरून चालणें, ही चूक आहे.

पहिल्या आक्षेपाचें उत्तर मात्र नुसत्या युक्तिवादानें देतां येत नाहीं; त्यासाठीं प्रसूतिगृहांत जावें लागतें. मूल जन्मलें, रडलें, कीं खोलींतील सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळतात. नाळ कापावयाची, पुसावयाचें, वजन करावयाचें, बाहेर ताटकळत बसलेल्यांना मुलगा कीं मुलगी तें सांगावयाचें. आणि बाईच्या जिवाला सर्वांत मोठा धोका नेमका ह्याच वेळीं सुरू होतो. दिवस भरत आले म्हणजे गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त वाहत असतें. वार सुटली कीं तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय आवळला तर त्या चिमटल्या जाऊन रक्त थांबतें. तो सैल राहिला तर थांबत नाहीं, आणि सकाळीं चालत आलेली धडधाकट बाई दोनएक तासांत जाऊं शकते. बाळंतपणांतील मृत्यूंचें जगांतील सर्वांत मोठें कारण हा रक्तस्राव आहे. तो आवरण्याचीं औषधें ठाऊक आहेत, स्वस्तहि आहेत. उशीर होतो तो ओळखावयास, कारण रक्त चादरींत मुरतें, बोळ्यांत शोषलें जातें, फरशीवरून पुसलें जातें, आणि किती गेलें ह्याचा अंदाज डोळ्यांनींच करावयाचा असतो.

ह्या बाबतींत आपल्या शेजारचेंच एक उदाहरण आहे. ह्या शतकाच्या आरंभीं बेळगांव जिल्ह्यांतील खेड्यांत एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २००६ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकांत आला. परिचारिकांनीं केलेल्या बाळंतपणांपैकीं १६२० स्त्रिया त्यांत घेतल्या होत्या. निम्म्यांना मूल जन्मल्यावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या. ज्यांना औषध मिळालें नव्हतें त्यांच्यांत अतिरक्तस्रावाचें प्रमाण शेंकडा १२ होतें. ज्यांना मिळालें त्यांच्यांत तें ६.४ निघालें. औषधाइतकीच मला त्यांतील एक साधी वस्तु लक्षणीय वाटते. रक्त मोजण्यासाठीं बाईखालीं प्लास्टिकची एक चादर पसरीत. तिचें टोंक नरसाळ्यासारखें निमुळतें व त्यावर मापाच्या रेघा. हें माप व डोळ्यांनीं केलेला अंदाज ताडून पाहिला, तेव्हां डोळ्यांचा अंदाज सुमारें एकतृतीयांशानें कमी भरला. जाणत्या, शिकलेल्या माणसांचे डोळे हे! पुढें मापाची चादर, आणि रक्त ठराविक रेघेवर येतांच करावयाचे उपचार, अशी सांगड घालून ती केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयें घेऊन तपासली गेली. जेथें ही पद्धत चालविली तेथें गंभीर रक्तस्राव व त्याचे घोर परिणाम इतरांपेक्षां शेंकडा ६० नीं कमी आढळले, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. ह्या पद्धतींत नवें औषध एकहि नव्हतें. मूल झाल्यावरहि कोणीतरी बाईकडे पाहत राहावयाचें, एवढी शिस्त होती.

एवढी साधी गोष्ट रूढ व्हावयास इतका काळ कां लागावा? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील अॅलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन ह्यांनीं १९८५ सालीं त्याच 'लॅन्सेट'मध्यें एक बोंचरा प्रश्न विचारला होता: जगभर माता-बाल आरोग्याचे कार्यक्रम चालतात, त्यांत माता कोठें आहे? मुलाला लस मिळते, त्याचें वजन होतें. परंतु रक्तस्राव झालेल्या किंवा अडलेल्या बाईला लागतें तें रक्त व शस्त्रक्रिया, त्यांची तजवीज त्या कार्यक्रमांत नव्हती. आईचा समावेश मुलाच्या वाटेवरील एक टप्पा म्हणून झाला होता. दोन वर्षांनीं नैरोबी येथें सुरक्षित मातृत्वासाठीं परिषद भरली, आणि मातांचे मृत्यु हा स्वतंत्र विषय ठरला. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाली हें मान्य केलें पाहिजे. भारतांत १९९७-९८ सालीं दर लाख जिवंत जन्मांमागें ३९८ माता मरत; २०१८-२० च्या पाहणींत हा आकडा ९७ वर आला, आणि महाराष्ट्रांत ३३ वर.

कायद्याच्या बाजूनें पाहिलें तर गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. कामकरी स्त्रियांना प्रसूतिकाळीं भत्ता देण्याचें विधेयक १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळापुढें आलें, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं त्याला पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीच्या आधीं व नंतर विश्रांति मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारनें उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ सालीं कायदा झाला. कायदेमंडळापुढें राष्ट्रहिताची भाषा बोलणें योग्यच होतें. दुसरी भाषा त्या सभेला कितपत पटली असती ह्याची शंका आहे. पण राष्ट्रहिताचा आधार घेतला कीं एक अडचण मागाहून येते: राष्ट्राचें हित बदलतें. १९६१ च्या केंद्रीय कायद्यांत २०१७ सालीं दुरुस्ती होऊन भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, तेव्हां सर्वांनीं तिचें कौतुक केलें, आणि तें रास्त होतें. मात्र दोन अपत्यें हयात असतां पुढील बाळंतपणाला रजा १२ आठवड्यांचीच ठेविली. तिसऱ्या खेपेस बाईच्या शरीराची झीज निम्म्याहून कमी होते, असें कोणताहि वैद्य सांगणार नाहीं. मातृवंदना योजनेंतहि तेंच. पहिल्या अपत्याच्या वेळीं ५००० रुपये. २०२२ पासून दुसऱ्या वेळींहि ६००० रुपये, पण तें अपत्य मुलगी असेल तर. मुलगी नकोशी होऊं नये, हा हेतु उत्तमच आहे. परंतु ज्या बाईला दुसऱ्या वेळीं मुलगा झाला तिच्या अंगांतील रक्त काय कमी गेलें? वंदना मातेला आणि हिशेब अपत्याचा, असा हा प्रकार आहे.

आपली काळजी खरोखर कोणासाठीं होती, हें मूल नसतांना कळतें. मूल मृत जन्मलें किंवा दोन दिवसांत दगावलें, तर बाळंतिणीचें काय होतें? तिचाहि रक्तस्राव होतो, तिचेहि टांके दुखतात, तिलाहि ताप येऊं शकतो, आणि कोणी पिणारें नसतांना तिच्याहि छातींत दूध दाटतें. तिच्यासाठीं डिंकाचे लाडू कोण वळतो? आमच्या घरांत आजीची एक आठवण सांगतात. तिच्या धाकट्या जावेचें मूल तिसऱ्या दिवशीं गेलें. आजीनें शेगडी विझूं दिली नाहीं. सव्वा महिना रोज तेल, ऊन पाणी, सुंठ घातलेला भात, सर्व तसेंच चालविलें. शेजारच्या बायकांना तें विपरीत वाटलें. एकीनें तसें बोलूनहि दाखविलें. आजी म्हणाली, "मूल गेलें, बाळंतीण आहे ना घरांत?" ती चार इयत्ताहि शिकलेली नव्हती. केंद्र सरकारनें आपल्या नोकरींतील स्त्रियांना अशा प्रसंगीं ६० दिवसांची खास रजा देण्याचा हुकूम २०२२ सालीं काढला, तो वाचतांना मला आजी आठवली. हयात अपत्यें दोनांहून कमी असावींत, ही अट मात्र त्या हुकुमांतहि आहे.

आतां ज्या गोष्टीमुळें हें सर्व लिहिण्याचा मला फारसा अधिकार उरत नाहीं, ती सांगून टाकतों. आमच्याकडे धुणेंभांडीं करावयास येणारी बाई तिच्या तिसऱ्या बाळंतपणानंतर विसाव्या दिवशीं कामावर आली. तिला सव्वा महिना घरीं बसविण्यास आम्हांला कोणत्याहि कायद्याची आडकाठी नव्हती, आणि पैशांची तर मुळींच नव्हती; ती रक्कम एखाद्या बारशाच्या आहेराएवढी झाली असती. आम्हांला तें सुचलेंच नाहीं. ती दारांत दिसतांच घरांत सर्वांना हायसें वाटलें. मीं आपुलकीनें विचारलें, "बाळ कसें आहे?" ती म्हणाली, "बरं आहे, दादा," आणि कमरेवर हात ठेवून मोरीपाशीं बसली. बाळासाठीं आम्हीं अंगडें-टोपडें आणून ठेविलें होतें, तें तिला दिलें. तिचा त्या महिन्याचा पगार आम्हीं वीस दिवसांचे खाडे कापून दिला होता.