नाताळची यादी आणि बांधापलीकडचे शेजारी
(लूक, अध्याय 2, ओवी 7 व 8 वाचावी)



नीरेच्या डाव्या कालव्याच्या बाजूने बारामतीहून इंदापूरकडे जाऊ लागले म्हणजे डिसेंबरात दोन प्रकारची लगबग दृष्टीस पडते. आपल्या घरांत नाताळची तयारी चाललेली असते. कुणी भिंतींस रंग देतो, कुणी तारा करण्यासाठी कामट्या तासतो, कुणी करंज्यांस लागणाऱ्या खोबऱ्याचा भाव विचारून येतो. पुण्यास वा पिंपरीस नोकरीला असलेल्या मुलाचे येणे कोणत्या गाडीने, याचीही चर्चा होते. त्याच वेळी घराबाहेर उसाच्या फडांत पहाटेच्या अंधारापासून कोयते चालू असतात. पहिली लगबग आपली आहे म्हणून ती आपणांस दिसते. दुसरी रोज डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

एका नाताळापूर्वी आम्ही इंदापूर तालुक्यातील एका घरी प्रार्थनेस गेलो होतो. प्रार्थना आटोपल्यावर घरधन्याने थोरल्या मुलास वही आणावयास सांगितले व सणाची यादी सुरू झाली. सात माणसांचे कपडे, मटण, तेल, साखर, मंडळीची वर्गणी, माहेरी येणाऱ्या लेकीची साडी. मुलाने हळूच आपल्या मोबाईलचा हप्ताही खाली लिहिला. बेरीज झाली तेव्हा क्षणभर कुणी बोलेना. मग घरधनी म्हणाला, "उसाचे बिल आले की भागेल." बाई चुलीकडे पाहत राहिली. बचत गटाचा हप्ता दर महिन्यास कोण भरते, हे तिला ठाऊक होते.

उसाचे पैसे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत मिळावेत असा नियम आहे खरा; परंतु हाती न आलेल्या पैशावर कापड आणणारा मनुष्य आपल्या पुढच्या महिन्याची भाकर गहाण ठेवतो. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने सांगितले, ते केवळ शिष्यत्वाविषयी आहे असे समजून आपण बाजारास जाताना विसरतो. आणि ज्या घराजवळ वर्गणी नाही, ते घर नाताळच्या दिवशी लाजेने उपासनेस येत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. पाळक व उपदेशक बंधूंनो, वर्गणीची यादी मोठ्याने वाचण्याची चाल आपल्याकडे असेल तर ती यंदा बंद करावी. ख्रिस्तजन्माच्या सणास दारावर जकात नसावी.

आता त्या दुसऱ्या लगबगीकडे वळू. 1876-77 च्या दुष्काळानंतर हा कालवा निघाला, आणि ज्या माळावर बाजरीही धड येत नसे तेथे ऊस उभा राहिला. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पाणी सर्वांस सारखे पोहोचले नाही. सुप्याकडील जिराईत भागातील आपल्या बांधवांस ते सांगावयास नको. जेथे पाणी आले तेथे ऊस तोडावयास माणसे हवीत, म्हणून दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीस बीड व अहिल्यानगर या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. बहुधा लग्नात, दुखण्यात किंवा मागील देण्यात ती खर्चही झालेली असते, आणि ती फेडावयास पुढचे चार-पाच महिने राबावयाचे असते. आपण सणासाठी कर्ज काढतो तेव्हा आपणही धाकटी उचलच घेतो. मग त्यांच्याकडे परके म्हणून कसे पाहावे?

तोडलेला ऊस फार वेळ ठेवता येत नाही. तो वाळतो, वजन घटते, साखर उतरते. म्हणून हंगामात 25 डिसेंबरलाही त्यांचे काम चालू राहते. गाडी रात्री भरावयाची असेल तर आई कोपीतून रात्रीच उठते. पोर वाढ्यांच्या भाऱ्याशेजारी, बैलांच्या गव्हाणीजवळ निजलेले असते. गव्हाण हा शब्द आपण दर नाताळात गातो. ती पाहावयाची असेल तर फार दूर जावयास नको.

योसेफ व मरीया बेथलेहेमास गेली ती सुटीस नव्हे. कैसराची नावनिशीची आज्ञा होती. बाईचे दिवस भरत आले होते, तरी निघावे लागले. गावात ज्याने त्याने आपापल्या घरची सोय लावलेली होती, त्या सोयीत या दोघांस जागा उरली नाही. बेथलेहेमातील लोक दुष्ट होते असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. त्यांची यादी आधीच भरली होती, इतकेच. आणि ज्यांस प्रथम वार्ता मिळाली ते मेंढपाळ त्या रात्री कामावर होते. त्यांस कळप सोडून उपासनेस येता येत नव्हते, म्हणून देवाचा दूत रानात त्यांच्याकडे गेला.

मग आपण काय करावे? उपासना सकाळी दहालाच, जेवण एकलाच, हा आग्रह कशाचा? जन्माची तारीख शुभवर्तमानात दिलेली नाही. 25 डिसेंबर हा दिवस चौथ्या शतकातील रोम येथील नोंदीत प्रथम आढळतो. दिवस मंडळीने ठरविला, तर जेवणाची वेळ मंडळीस बदलता येणार नाही काय? टोळी फडातून परतल्यावर, त्यांस विचारून, त्यांच्यासह पंगत बसवावी. मात्र ताटाबरोबर उपदेश वाढू नये. ते बहुतेक अन्य धर्माचे आहेत. अन्नाच्या मोबदल्यात कुणाचे कान विकत घ्यावयाचे नाहीत. शेजारी म्हणून जावे. नगरकडील मंडळ्यांतला कुणी त्यांत निघाला तर त्यास आपल्यात बसवून भजन म्हणवावे. आपल्यापेक्षा चांगले म्हणेल.

एका जेवणाने त्यांचे भागणार नाही, हेही खरे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलास वयाचा दाखला नाही म्हणून शाळा नाकारता येत नाही. हंगामापुरते का होईना, त्या मुलांस गावच्या शाळेत नेऊन बसविणे हे काम आपल्या उपदेशकांस सहज करता येईल. बाळंतिणीस कढत पाणी, आजाऱ्यास दवाखान्याची वाट, एवढे तर कोणत्याही घरास जमेल.

त्या घरची आजी इतका वेळ गप्प होती. बेरीज ऐकून तिने विचारले, "बांधापलीकडच्या कोप्यांत पोरे किती आहेत रे?" कुणासही ठाऊक नव्हते. दिवाळीपासून ती माणसे तेथे राहत होती, त्यांच्याच मोटारीचे पाणी भरत होती. म्हातारी म्हणाली, "माझे लुगडे खोड. आहे ते चांगले आहे." घरधन्याने काही म्हणावयाच्या आत मुलाने रेघ ओढली, मग थोडा वेळ पेन्सिल हातात धरून आपल्या हप्त्याकडे पाहत राहिला. शेवटी वही मिटून तो उठला, बॅटरी घेतली आणि पोरे मोजावयास बांधाकडे निघाला. त्याची आई त्याला हाक मारून म्हणाली, "तान्ही किती ती वेगळी मोज."